चिनी-अमेरिकन विद्यार्थी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शिक्षण घेणारा चिनी वंशाच्या तरुणतरुणींचा वर्ग. या संज्ञेत दोन भिन्न गट येतात : चीनमधून शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेले विद्यार्थी आणि स्थलांतरित चिनी कुटुंबांत अमेरिकेतच जन्मलेली वा बालपणी तेथे नेलेली मुले. पहिल्या गटाला परक्या संस्कृतीचा धक्का घर सोडल्यावर बसतो. दुसऱ्या गटातील मुलांना तो घर आणि शाळा यांच्यामधील उंबरठ्यावर रोजच सोसावा लागतो. दोन्ही गटांपुढील मूळ प्रश्न मात्र एकच राहिला आहे. आपण कोण, हे ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा, तिच्या आईवडिलांचा की राज्याच्या कायद्याचा, हा तो प्रश्न होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या प्रश्नाला वेळोवेळी जी उत्तरे मिळत गेली, त्यांतून या विद्यार्थिवर्गाचा इतिहास घडला आहे.

परक्या समाजात गेलेल्या व्यक्तीच्या मनाची जी ओढाताण होते, तिला सामाजिक शास्त्रांत ‘सांस्कृतिक धक्का’ असे म्हणतात. कालेर्व्हो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाच्या १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखामुळे ही संज्ञा विशेष रूढ झाली. आरंभीचे कुतूहल व आनंद, त्यानंतरचा वैताग व एकाकीपणा, मग हळूहळू सावरणे आणि शेवटी नव्या परिस्थितीशी जुळवून घेणे, अशा त्याच्या अवस्था सांगितल्या जातात. मायदेशी परतल्यावर आपलेच घर परके वाटू लागते, त्या अनुभवाचाही अभ्यास पुढे झाला. तथापि ही परिभाषा रूढ होण्यापूर्वी सु. शंभर वर्षे चिनी विद्यार्थी या सर्व अवस्थांतून गेलेले होते.

आरंभ : अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळविणारा पहिला चिनी विद्यार्थी युंग विंग (१८२८–१९१२) हा होय. मकावनजीकच्या एका खेड्यातील गरीब कुटुंबात त्याचा जन्म झाला. मिशनरी शाळेत शिकत असताना सॅम्युएल रॉबिन्स ब्राउन या शिक्षकाबरोबर तो १८४७ मध्ये अमेरिकेस गेला, १८५२ मध्ये त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि १८५४ मध्ये तो येल महाविद्यालयाचा पदवीधर झाला. १८५५ मध्ये मायदेशी परतला, तेव्हा आपली मातृभाषा तो जवळजवळ विसरला होता व कँटनमध्ये राहून त्याला ती पुन्हा शिकावी लागली. आईच्या भेटीचा प्रसंग त्याने आत्मचरित्रात वर्णिला आहे. वडील भावाने अद्याप मिशा राखलेल्या नसताना धाकट्याने त्या राखणे योग्य नव्हे, असे आईने सुचविताच त्याने त्या काढून टाकल्या. येलचा पदवीधर आणि आज्ञाधारक धाकटा मुलगा या दोन्ही भूमिका एकाच माणसात कशा नांदत होत्या, हे या लहानशा प्रसंगावरून दिसते.

चिनी शैक्षणिक मंडळ : युंग विंगच्या खटपटीमुळे चिंग शासनाने १८७२ ते १८७५ या काळात दरवर्षी ३० याप्रमाणे १२० मुले अमेरिकेस पाठविली. बहुतेक मुले क्वांगतुंग प्रांतातील असून त्यांचे वय सामान्यतः १० ते १६ वर्षांचे होते. पंधरा वर्षांच्या दीर्घ वियोगाला संमती देणारा करार पालकांना करून द्यावा लागला. कनेक्टिकट व मॅसॅचूसेट्स राज्यांतील कुटुंबांत मुलांची राहण्याची सोय करण्यात आली आणि हार्टफर्ड येथे मंडळाचे मुख्य ठाणे होते. तेथे पाळीपाळीने बोलावून त्यांना कन्फ्यूशसप्रणीत ग्रंथांचे पाठ दिले जात.

मुले वयाने लहान असल्यामुळे नव्या वातावरणात ती लवकर रुळली. ती बेसबॉल खेळू लागली, मुलींबरोबर नृत्यसमारंभांत जाऊ लागली आणि लांब झगे टाकून कोट-पाटलोण वापरू लागली. काहींना ख्रिस्ती धर्माची ओढ वाटू लागली, तर काहींनी वेणी कापली. वेणी ही मांचू राजसत्तेवरील निष्ठेची खूण असल्याने ती कापणे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. चिनी अधिकाऱ्यांच्या मते मुले आपले संस्कार गमावीत होती. यजमान कुटुंबांच्या दृष्टीने ती मोकळी व आत्मविश्वासू होत होती. वस्तुतः दोघेही एकाच बदलाचे वर्णन करीत होते. वेस्ट पॉइंट व ॲनापोलिस येथील लष्करी आणि नाविक अकादमींत चिनी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यास अमेरिकन शासनाने नकार दिल्यामुळे या योजनेचा एक मुख्य हेतूच विफल झाला. अखेर १८८१ मध्ये मुलांना परत बोलाविण्यात आले. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट, येलचे अध्यक्ष नोआ पोर्टर आदींनी केलेली रदबदली निष्फळ ठरली. तोपर्यंत केवळ दोघांचेच पदवी शिक्षण पूर्ण झाले होते.

शांघायला उतरल्यावर या तरुणांचे स्वागत झाले नाही. उलट त्यांना काही काळ पहाऱ्यात ठेवण्यात आले. मातृभाषेत ते अडखळत होते आणि त्यांच्या वागण्याबोलण्याकडे संशयाने पाहिले जात होते. असे असूनही त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे मोठी कामगिरी केली. जान ट्यान्यू या अभियंत्याच्या देखरेखीखाली पीकिंग–कालगन लोहमार्ग १९०५ ते १९०९ या काळात बांधण्यात आला. तांग शाओई हा १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला. ली अनफू हा मात्र अमेरिकेस परत गेला, १८८७ मध्ये येलचा पदवीधर झाला आणि त्याच वर्षी त्याने चीनमधील आपल्या बालपणावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले.

शाळाप्रवेश व कायदा : अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्थलांतरित चिनी कुटुंबांची स्थिती याहून वेगळी होती. सोन्याच्या खाणी व लोहमार्ग यांवर काम करण्यासाठी आलेल्या चिनी मजुरांविरुद्ध तेथे तीव्र द्वेष पसरला होता. सॅन फ्रॅन्सिस्कोतील चिनी मुलांची सार्वजनिक शाळा १८७१ मध्ये बंद करण्यात आली आणि पुढील चौदा वर्षे करदात्या चिनी पालकांच्या मुलांना सार्वजनिक शिक्षणाची सोय उरली नाही. १८८२ च्या बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी केली आणि चिनी लोकांना नागरिकत्व देण्यासही मनाई केली. विद्यार्थी व व्यापारी यांना या बंदीतून वगळले होते. १९०४ मध्ये ही बंदी बेमुदत करण्यात आली. परिणामतः देशातील चिनी वस्ती १८९० मधील १,०७,४८८ वरून १९२० मध्ये ६१,६३९ पर्यंत घटली.

१८८४ मध्ये मेमी टेप या आठ वर्षांच्या मुलीला सॅन फ्रॅन्सिस्कोतील एका सार्वजनिक शाळेने प्रवेश नाकारला. तिचे आईवडील इंग्रजी बोलत, ख्रिस्ती होते व अमेरिकन पद्धतीने राहत. त्यांनी दावा दाखल केला आणि १८८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क मान्य केला. परंतु राज्याच्या विधिमंडळाने लगेच वेगळ्या शाळा काढण्याची मुभा देणारा कायदा केला आणि मेमीला अखेर चिनी मुलांसाठी उघडलेल्या स्वतंत्र शाळेतच जावे लागले. आपली मुलगी पोशाखाने, भाषेने व सवयींनी शेजारच्या मुलींसारखीच आहे, असे तिच्या आईने शिक्षणमंडळाला लिहिलेल्या संतप्त पत्रात म्हटले होते. सांस्कृतिक समरसता साधली, म्हणजे समाजात प्रवेश मिळतोच असे नाही, याचा हा आरंभीचा व ठळक दाखला होय. १९२७ मध्ये मिसिसिपीतील मार्था लम या चिनी मुलीच्या खटल्यात संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तिला गोऱ्यांच्या शाळेबाहेर ठेवण्याचा राज्याचा अधिकार उचलून धरला.

नागरिकत्वाच्या बाबतीत विसंगती अधिकच तीव्र होती. १८९८ मधील वाँग किम आर्क खटल्यात, अमेरिकेत जन्मलेली व्यक्ती जन्मतःच नागरिक असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षी परराष्ट्र खात्याने युंग विंगचे ४६ वर्षांपूर्वीचे नागरिकत्व मान्य करण्यास नकार दिला. म्हणजे मुले नागरिक आणि त्यांचे आईवडील मात्र कायमचे परके, अशी अनेक कुटुंबांची स्थिती झाली.

कागदी पुत्र : १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रॅन्सिस्कोतील जन्मनोंदी नष्ट झाल्या. त्यामुळे अनेक चिनी रहिवाशांना आपण अमेरिकेत जन्मलो असे सांगता येऊ लागले व चीनमधील आपल्या खऱ्या किंवा कल्पित मुलांची नोंदही करता येऊ लागली. अशा नोंदी विकत घेऊन परक्या आडनावाने देशात आलेल्या तरुणांना ‘कागदी पुत्र’ म्हणत. १९१० ते १९४० या काळात एंजेल बेटावरील ठाण्यात त्यांची कसून उलटतपासणी होई. गावातील घरांची रांग, विहिरीची दिशा, घराच्या पायऱ्यांची संख्या अशा प्रश्नांची पाठ केलेली उत्तरे द्यावी लागत. यशस्वी झालेल्याला शाळेत, कामावर व पुढे स्वतःच्या मुलांनाही तेच खोटे नाव द्यावे लागे. घरात एक आडनाव आणि दाराबाहेर दुसरे, हे गुपित कित्येक मुलांना बालपणापासून जपावे लागले. १९५६ मध्ये शासनाने कबुलीजबाबाची योजना सुरू केली, तेव्हा काही कुटुंबांनी मूळ नाव पुन्हा धारण केले. परंतु एकाच्या कबुलीने सर्व नातलग अडचणीत येत असल्याने अनेकांनी मौन सोडले नाही.

दोन शाळांचे जीवन : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चायनाटाउनमधील मूल दिवसा सार्वजनिक शाळेत व सायंकाळी चिनी भाषेच्या शाळेत जाई. पहिल्या ठिकाणी प्रश्न विचारणे व स्वतःचे मत मांडणे हा गुण समजला जाई; दुसऱ्या ठिकाणी पाठांतर, सुलेखन व वडीलधाऱ्यांपुढील मौन यांना महत्त्व असे. घरी पितृभक्ती हा सर्व नीतीचा पाया मानला जाई. आईवडिलांचे इंग्रजी तोकडे असल्याने बँक, दवाखाना व कचेरी येथे मुलांनाच दुभाषी व्हावे लागे आणि त्यामुळे घरातील अधिकाराचा क्रम नकळत उलटा होई. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना कँटनी बोलीत ‘जूक-सिंग’ असे टोचून म्हटले जाई. आतून पोकळ, परंतु पेरांमुळे दोन्ही टोके बंद असल्याने ज्यातून पाणी आरपार जात नाही असा बांबू, हे त्यामागील रूपक होय.

या स्थितीचे शास्त्रीय वर्णन करण्याचा प्रयत्न शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञांनी केला. रॉबर्ट पार्कने १९२८ मध्ये दोन संस्कृतींच्या सीमेवर जगणाऱ्या माणसाची ‘सीमांत मानव’ ही कल्पना मांडली. त्याच विद्यापीठात १९४७ मध्ये डॉक्टरेट मिळविणाऱ्या रोझ हम ली या चिनी-अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने आपल्या समाजाचा सविस्तर अभ्यास केला आणि बहुसंख्य समाजात मिसळून जाण्याचा पुरस्कार केला.

स्नेहसंबंध व विवाह : १८९० मध्ये अमेरिकेतील चिनी वस्तीत दर स्त्रीमागे सु. २७ पुरुष होते. या विषमतेमुळे कुटुंबजीवन विरळ होते व मुलींवरील बंधने कडक होती. कनेक्टिकटमध्ये १८७५ मध्ये युंग विंगला मेरी केलॉग या अमेरिकन स्त्रीशी विवाह करता आला. परंतु कॅलिफोर्नियात १८८० पासून गोऱ्या व ‘मंगोलियन’ व्यक्तींना विवाहाचा परवाना देण्यास कायद्याने मनाई होती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये आंतरवंशीय विवाहबंदी अवैध ठरविली आणि सर्व देशभर ती १९६७ मध्ये रद्द झाली. १९२२ च्या एका कायद्यानुसार, नागरिकत्वास अपात्र अशा परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जाई. त्यामुळे अमेरिकेत जन्मलेली चिनी मुलगी चीनमधून आलेल्या विद्यार्थ्याशी विवाहबद्ध झाली, तर ती स्वतःच्याच देशात परकी ठरे. ही तरतूद १९३१ मध्ये काढून टाकण्यात आली.

घराच्या आत हा संघर्ष जोडीदाराच्या निवडीवरून होई. जेड स्नो वाँग (१९२२–२००६) हिच्या १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात, मित्राबरोबर बाहेर जाण्याच्या प्रश्नावरून वडिलांशी झालेला वाद आला आहे. आईवडिलांनी मुलांना स्वतंत्र व्यक्ती म्हणून वागवावे, हा महाविद्यालयातील समाजशास्त्राच्या तासाला ऐकलेला विचार तिने घरी मांडला व वडिलांना तो कृतघ्नपणा वाटला. हे आत्मचरित्र तिने ‘मी’ न म्हणता तृतीयपुरुषी निवेदनात लिहिले. स्वतःविषयी बोलणे हा अविनय मानणाऱ्या चिनी लेखनपरंपरेला अनुसरून आपण तसे केल्याचे ती सांगते. वडिलांविरुद्धच्या बंडाची कथा तिने अशा प्रकारे त्यांच्याच संकेतांचा मान राखून सांगितली.

भवितव्याचा वाद : १९३० नंतरच्या मंदीच्या काळात अभियांत्रिकी वा वाणिज्य शाखेच्या चिनी-अमेरिकन पदवीधरांना चायनाटाउनबाहेर नोकरी मिळणे दुरापास्त होते व अनेकांना उपाहारगृहांत आणि धुलाईगृहांत काम करावे लागे. या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्कच्या गिंग हॉक क्लबने १९३६ मध्ये, आपले भवितव्य चीनमध्ये आहे की अमेरिकेत, या विषयावर निबंधस्पर्धा घेतली. पहिले पारितोषिक मिळविणाऱ्या रॉबर्ट डन या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या बाजूने लिहिले. जन्मभूमीचे ऋण चीनच्या ऋणाहून कमी नाही व येथे राहूनही चीनची सेवा करता येते, असे त्याचे प्रतिपादन होते. दुसरे पारितोषिक मिळविणाऱ्या के हाँग याने वंशभेदाने दारे बंद केलेल्या देशात थांबण्यापेक्षा चीनच्या उभारणीत भाग घेणे श्रेयस्कर मानले. सॅन फ्रॅन्सिस्कोहून निघणाऱ्या चायनीज डायजेस्ट या नियतकालिकात हे लेखन प्रसिद्ध होताच स्टॅनफर्ड येथील चिनी विद्यार्थ्यांनी डनवर टीका केली. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केल्यावर चीनला जाण्याचा मार्ग बिकट झाला आणि पुढे महायुद्धात अमेरिकन कारखाने व सैन्यदले यांची दारे काही प्रमाणात उघडली. १९४० च्या जनगणनेत चिनी वस्तीपैकी निम्म्याहून अधिक लोक अमेरिकेत जन्मलेले होते. १७ डिसेंबर १९४३ रोजी बहिष्कार कायदे रद्द झाले व चिनी स्थलांतरितांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. मात्र प्रवेशाची वार्षिक मर्यादा अवघी १०५ होती. भारतीय व फिलिपिनो लोकांना हाच हक्क १९४६ मध्ये देण्यात आला.

युद्धोत्तर काळ : बॉक्सर बंडाच्या नुकसानभरपाईतील काही रक्कम अमेरिकेने १९०८ मध्ये सोडून दिली व तीतून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. हू श (१८९१–१९६२) याच्यासारखे विचारवंत या योजनेतूनच अमेरिकेत शिकले. या परंपरेतील सु. पाच हजार विद्यार्थी १९४९ च्या साम्यवादी क्रांतीच्या वेळी अमेरिकेत अडकून पडले. राहिले तर साम्यवादाचे हस्तक म्हणून संशय आणि परतले तर अमेरिकेचे हस्तक म्हणून संशय, अशी त्यांची कोंडी झाली. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रनिहाय कोटे रद्द केल्यावर हाँगकाँग, तैवान व कालांतराने चीनमधून कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. सॅन फ्रॅन्सिस्कोतील सु. १,८०० चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी येत नसताना इंग्रजीतूनच शिकविले जात असल्याबद्दल खटला झाला. न समजणाऱ्या भाषेतील शिक्षण ही समान संधी नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये लौ विरुद्ध निकल्स या खटल्यात दिला.

नव्या अस्मितेचा उदय : १९६८ मध्ये बर्कली येथील विद्यार्थ्यांनी ‘ओरिएंटल’ हा शब्द नाकारून ‘आशियाई अमेरिकन’ ही संज्ञा स्वीकारली. त्याच वर्षी सॅन फ्रॅन्सिस्को स्टेट महाविद्यालयात सुरू झालेल्या दीर्घ संपाचा परिणाम म्हणून १९६९ मध्ये तेथे वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र विद्यालय स्थापन झाले. स्टॅन्ली व डेरल्ड स्यू या मानसशास्त्रज्ञ बंधूंनी १९७१ मध्ये चिनी-अमेरिकन विद्यार्थ्यांचे तीन प्रकार वर्णिले. पहिला परंपरेला धरून राहणारा, दुसरा वंशभेदाचा दोष स्वतःच्याच संस्कृतीला देऊन तिच्यापासून दूर पळणारा आणि तिसरा दोहोंतून स्वतःची नवी ओळख घडविणारा. याच सुमारास ‘आदर्श अल्पसंख्याक’ ही प्रतिमाही रूढ झाली. वरकरणी गौरवाच्या या बिरुदामुळे गरीब व मानसिक तणावाखाली असलेल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी झाकल्या गेल्या आणि अपयश हा कुटुंबाचा कलंक मानण्याची प्रवृत्ती बळावली. मॅक्सीन हाँग किंग्स्टन हिचे द वूमन वॉरियर (१९७६) व जीन लुएन यांग याची अमेरिकन बॉर्न चायनीज (२००६) ही चित्रकादंबरी, या कृतींत आईच्या कथा, शाळेतील मौन व स्वतःच्या चेहऱ्याविषयीची लाज यांचे मार्मिक चित्रण आढळते.

अलीकडील स्थिती : २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत चिनी वंशाचे सु. ५२ लक्ष लोक होते. बहिष्कार कायद्यांबद्दल सिनेटने २०११ मध्ये व प्रतिनिधिगृहाने २०१२ मध्ये खेद व्यक्त केला. तथापि २०२० नंतरच्या कोविड साथीत आशियाई वंशाच्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या पिढीतील तरुणांनाही परके ठरविले गेले. हार्व्हर्ड विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशासाठी वंशाचा विचार करण्याची पद्धती रद्द केली. त्या प्रश्नावर चिनी-अमेरिकन समाजातच दोन तट पडले होते. २०२३–२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या चिनी विद्यार्थ्यांहून अधिक झाली. त्यामुळे हा इतिहास मराठी कुटुंबांनाही आता दूरचा राहिलेला नाही.

दोन संस्कृतींत वाढणे हा दोष आहे, अशी समजूत प्रदीर्घ काळ दोन्ही बाजूंनी बाळगली गेली. परंतु हार्टफर्डहून परत बोलाविलेल्या मुलांनी चीनमध्ये लोहमार्ग बांधले आणि शाळेतून परत पाठविलेल्या मुलीच्या आईवडिलांनी अमेरिकन न्यायालयात दाद मागून समान हक्काचा निर्णय मिळविला. आईच्या शब्दाखातर मिशा काढणाऱ्या युंग विंगला चीन सुटला नाही व अमेरिकाही सुटली नाही. त्याने आत्मचरित्राच्या शीर्षकातही दोन्ही देशांना स्थान दिले आणि ज्या देशाने त्याचे नागरिकत्व नाकारले, तेथेच हार्टफर्ड येथे तो १९१२ मध्ये निधन पावला.